क्लाउडवरच्या फोनला काय विचारावे आणि काय विचारू नये

मोबाइल ॲपची चाचणी घेणाऱ्या माणसाला ‘ॲप चालते का?’ या प्रश्नापेक्षा ‘कोणाच्या फोनवर चालते?’ हा प्रश्न जास्त छळतो. ओपनसिग्नल या कंपनीने २०१५ साली आपले ॲप कोणकोणत्या फोनवर उतरवून घेतले गेले याची मोजदाद केली, तेव्हा २४,०९३ वेगवेगळी अँड्रॉइड उपकरणे आढळली. आदल्या वर्षी हाच आकडा १८,७९६ होता. अँड्रॉइडच्या आवृत्त्या, त्यांवर प्रत्येक उत्पादकाने चढवलेला स्वतःचा थर, पडद्यांचे आकार, चिप आणि रॅम यांचा हा पसारा कोणत्याही टीमच्या कपाटात मावणारा नाही. कार्यालयातल्या फोनचे काय होते, हेही या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: हवा तो फोन नेमका दुसऱ्याच्या टेबलावर असतो, जुन्या आवृत्तीसाठी मुद्दाम राखून ठेवलेल्या फोनवर कोणीतरी अपडेट चालवून टाकते आणि कायम चार्जिंगला लावलेल्यांपैकी एखाद्याची बॅटरी फुगते. म्हणून क्लाउडवरची डिव्हाइस लॅब, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधले फोन इंटरनेटवरून चाचणीसाठी वापरू देणारी सेवा, मी गेली काही वर्षे नियमितपणे वापरत आले आहे आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. ही लॅब फार मोलाची आहे. मात्र तिथला फोन ज्या परिस्थितीत असतो ती वापरकर्त्याच्या फोनची परिस्थिती नसते आणि हे ध्यानात ठेवूनच तिला प्रश्न विचारावे लागतात.

लॅबची रचना समजून घेतली की हा मुद्दा आपोआप स्पष्ट होतो. डेटा सेंटरमधल्या रॅकवर खरेखुरे फोन बसवलेले असतात, प्रत्येक फोन यूएसबी केबलने एका यजमान संगणकाला जोडलेला असतो आणि आपण ब्राउझरमधून किंवा स्क्रिप्टमधून पाठवलेल्या आज्ञा तो संगणक फोनपर्यंत पोहोचवतो. फेसबुकने २०१६ साली अमेरिकेतल्या प्राइनव्हिल डेटा सेंटरमधल्या आपल्या अशा लॅबची माहिती प्रसिद्ध केली होती: एका रॅकमध्ये ३२ फोन, आयफोन चालवण्यासाठी मॅक मिनी हे ॲपलचे छोटे संगणक, अँड्रॉइडसाठी वेगळे सर्व्हर आणि शेजारच्या रॅकच्या वाय-फायचा त्रास होऊ नये म्हणून रेडिओ लहरी अडवणारे बंदिस्त कपाट. एवढा खटाटोप स्वतःपुरता करणे फार थोड्या कंपन्यांना जमते. बाकीच्यांसाठी भाड्याच्या लॅब आहेत. गूगलने २०१५ मध्ये जाहीर केलेली क्लाउड टेस्ट लॅब पुढे फायरबेस टेस्ट लॅब झाली, ॲमेझॉनची डिव्हाइस फार्म त्याच वर्षी आली, आणि ब्राउझरस्टॅक व सॉस लॅब्ज यांनी ब्राउझरच्या चाचणीपासून सुरुवात करून नंतर फोनही उपलब्ध करून दिले.

यांतल्या काही ठिकाणी खरे फोन आणि आभासी फोन (एम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारी फोनची नक्कल) असे दोन्ही मिळतात, आणि त्यांची गल्लत करू नये. आभासी फोन स्वस्त असतो, चटकन मिळतो आणि त्याच्यासाठी रांगेत थांबावे लागत नाही. प्रत्येक कोड बदलानंतर चालवायच्या चाचण्यांसाठी तो पुरेसा आहे. ग्राफिक्स चिपच्या ड्रायव्हरमधले दोष, कॅमेऱ्याच्या लहरी, उत्पादकाने बदललेली परवानगीची खिडकी किंवा अपुरी रॅम यांपैकी काहीही त्यावर दिसत नाही. रिलीजच्या आधीची फेरी मी नेहमी खऱ्या फोनवरच घेते.

कोणते फोन निवडायचे, या प्रश्नावर मात्र टीमने मनापासून वेळ खर्च करावा असे मला वाटते, कारण लॅबच्या यादीतले शेकडो फोन पाहून माणसाला ‘सगळ्यांवर चालवू’ असा मोह होतो. फायरबेस टेस्ट लॅबमध्ये मॉडेल, अँड्रॉइड आवृत्ती, भाषा आणि पडद्याची दिशा या चार गोष्टींचा गुणाकार होतो. चार मॉडेल, तीन आवृत्त्या, दोन भाषा आणि दोन दिशा घेतल्या तरी ४८ फेऱ्या होतात आणि त्यांतल्या बहुतेक एकमेकींचीच री ओढतात. यादीची सुरुवात आपल्याच वापरकर्त्यांच्या आकडेवारीवरून करावी. त्यात सर्वाधिक वापरले जाणारे फोन येतीलच. पण क्रॅशच्या नोंदींमध्ये आपल्या संख्येच्या मानाने जास्त वेळा दिसणारे फोन त्याहून महत्त्वाचे आहेत. त्याखेरीज आपण ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीला आधार देतो त्या आवृत्तीचा एक फोन, दोन किंवा तीन जीबी रॅमचा एक फोन, सॅमसंग, शाओमी, ओप्पो यांच्यासारखे स्वतःचा थर चढवणाऱ्या उत्पादकांचा प्रत्येकी एक आणि थर नसलेला एक पिक्सेल, एवढे घेतले की यादी आटोपशीर राहते. भाषेचा पर्याय मी कधीही सोडत नाही. इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेल्या उंचीच्या बटणात देवनागरी मजकूर आला की वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो, आणि फोनवर अक्षरांचा आकार मोठा ठेवलेला असेल तर हा दोष आणखी उघडा पडतो.

कमी रॅमच्या फोनचा आग्रह मी का धरते, हे एका प्रसंगावरून सांगता येईल. कागदपत्रांचा फोटो काढून तो अर्जाला जोडायचा, असे एक साधे काम आमच्या ॲपमध्ये होते. एम्युलेटरवर आणि टीममधल्या सगळ्यांच्या फोनवर ते बिनचूक चालत असे, तरीही ‘फोटो काढला की अर्ज रिकामा होतो’ अशी तक्रार अधूनमधून येत होती. लॅबमधल्या दोन जीबी रॅमच्या फोनवर तीच चाचणी चालवली, तेव्हा व्हिडिओमध्ये सगळे स्पष्ट दिसले: कॅमेरा उघडतो, फोटो निघतो, बरोबरच्या खुणेवर टॅप होते, क्षणभर पांढरा पडदा येतो आणि नाव-पत्त्यासकट सगळे रकाने कोरे असलेला अर्ज समोर उभा राहतो. लॉगमध्ये, म्हणजे फोन आपोआप ठेवत असलेल्या घडामोडींच्या नोंदीत, त्याच सेकंदांच्या आसपास दोन ओळी होत्या. पहिलीत कमी मेमरीमुळे आमची प्रोसेस (मेमरीत चालू असलेले ॲप) बंद केल्याची नोंद होती आणि दुसरीत तीच प्रोसेस नव्या क्रमांकाने सुरू झाल्याची. कॅमेऱ्याला जागा करून देण्यासाठी सिस्टिमने आमचे ॲप मारले होते आणि परत आल्यावर त्याच्याजवळ आधीचे काहीही उरले नव्हते, कारण अर्जातला मजकूर केवळ व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे पडद्याची माहिती मेमरीत धरून ठेवणाऱ्या कोडच्या भागात, ठेवला होता आणि प्रोसेस मेली की व्ह्यूमॉडेलही जाते. मजकूर आणि फोटोचा पत्ता सेव्ह्ड स्टेटमध्ये, म्हणजे प्रोसेस मेली तरी सिस्टिम जपून ठेवते त्या माहितीत, ठेवल्यावर दोष गेला. भरपूर रॅम असलेल्या फोनवर हा प्रसंग सहसा घडतच नाही, त्यामुळे कितीही वेळा तपासले असते तरी तो सापडला नसता.

या प्रसंगात लॅबची खरी किंमत फोनइतकीच पुराव्यात होती. व्हिडिओ, लॉग आणि स्क्रीनशॉट एकाच वेळेच्या पट्टीवर हाताशी असले की टेस्टर आणि डेव्हलपर यांच्यातला ‘माझ्याकडे तर चालते’ हा वाद उद्भवतच नाही. म्हणून बग नोंदवताना केवळ लॅबच्या निकालाचा दुवा न देता व्हिडिओतला नेमका सेकंद आणि लॉगमधल्या नेमक्या ओळी उतरवून द्याव्यात, असा आमच्याकडे नियम आहे. निकालाच्या फायली लॅब ठरावीक मुदतीनंतर पुसून टाकते आणि मग दुवा निरुपयोगी होतो.

स्वयंचलित चाचण्यांबाबत एक बारकावा नव्याने येणाऱ्यांना सांगावासा वाटतो. एस्प्रेसो या अँड्रॉइडच्या चाचणी-साधनातली चाचणी फोनवरच, ॲपच्या प्रोसेसमध्ये चालते आणि ॲपचा मुख्य थ्रेड (पडदा हाताळणारा कामाचा धागा) मोकळा होईपर्यंत स्वतःहून थांबते. ॲपियम या दुसऱ्या साधनाची स्क्रिप्ट फोनच्या बाहेर चालते आणि तिची प्रत्येक आज्ञा, मग ती बटण शोधण्याची असो वा टॅप करण्याची, नेटवर्कवरून फोनकडे जाऊन परत येते. आपल्या लॅपटॉपवरून दूरच्या डेटा सेंटरमधला फोन ॲपियमने चालवला, तर शेकडो आज्ञांचा हा येण्याजाण्याचा वेळ साठत जातो आणि स्वतःच्या टेबलावर हिरवी (पास) असलेली चाचणी तिथे वेळेत न संपल्यामुळे लाल (नापास) होते. अशा वेळी जागोजागी पाच सेकंद थांबण्याच्या ओळी घालण्यापेक्षा ठरावीक घटक दिसेपर्यंत थांबण्याची अट घालावी, लांबलचक एक्सपाथऐवजी (पडद्याच्या रचनेतून घटकापर्यंत नेणारा मार्ग) घटकांना स्थिर ओळख द्यावी आणि शक्य तिथे स्क्रिप्ट लॅबच्या यजमान संगणकावरच चालवावी. डिव्हाइस फार्ममध्ये चाचण्यांचे पॅकेज चढवून नेमके हेच करता येते. नापास झालेली चाचणी आपोआप पुन्हा चालवण्याची सोयही बहुतेक लॅब देतात. ती वापरावी, पण दुसऱ्या प्रयत्नात पास झालेल्या चाचण्यांची यादी वेगळी ठेवून दर आठवड्याला वाचावी; खरे रेस कंडिशनचे, म्हणजे दोन कामांपैकी कोणते आधी संपते यावर अवलंबून असलेले, दोष मला बहुतेक वेळा त्याच यादीत सापडले आहेत.

फायरबेसची रोबो चाचणी स्क्रिप्टशिवाय ॲपमध्ये फिरते, दिसेल ते बटण दाबते आणि क्रॅश झाला तर सांगते. लॉगिनसाठी चाचणी खाते दिले तर ती बरेच आत जाते; ओटीपीपाशी अडते. रोजच्या बिल्डवर (त्या दिवशी तयार झालेल्या ॲपवर) ती चालवायला काहीच हरकत नाही.

आता लॅबला काय विचारू नये, याकडे वळते. लॅबमधला फोन कायम यूएसबीला जोडलेला असतो, म्हणजे सिस्टिमच्या दृष्टीने तो सदैव चार्जिंगवर असतो. अँड्रॉइड ६.० पासून आलेली डोझ ही बॅटरी वाचवणारी व्यवस्था चार्जिंग चालू असताना लागूच होत नाही. आपले ॲप रात्री पार्श्वभूमीत माहिती जुळवून घेत असेल किंवा ठरल्या वेळी आठवण करून देत असेल, तर लॅबमध्ये ते काम सुरळीत होईल आणि वापरकर्त्याच्या उशाशी पडलेल्या फोनवर तासन् तास अडकून पडेल. शेल आज्ञा (फोनच्या सिस्टिमला थेट लिहून द्यायच्या आज्ञा) चालवण्याची मुभा असेल तर बॅटरी सुटी झाल्याचे सिस्टिमला खोटेच सांगता येते आणि फोनला डोझमध्ये ढकलता येते. इन्स्ट्रुमेंटेशन चाचणीच्या, म्हणजे एस्प्रेसोसारख्या फोनवरच चालणाऱ्या चाचणीच्या, आतूनही अशा आज्ञा देता येतात. परंतु उत्पादकांनी स्वतःहून बसवलेल्या, ॲप परस्पर बंद करणाऱ्या व्यवस्था या उपायाने तपासल्या जात नाहीत. त्यासाठी केबल काढलेला खरा फोन रात्रभर टेबलावर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही आणि तेवढ्यासाठी कार्यालयात मोजके फोन ठेवणे मला आजही आवश्यक वाटते.

नेटवर्कचेही तसेच आहे. लॅबमधल्या फोनला भक्कम वाय-फाय असते आणि बहुतेकदा सिम नसते. वेग कमी करण्याची सोय काही लॅब देतात आणि ती उपयोगी आहे. तरीही वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाताना अर्धवट राहिलेले अपलोड किंवा फोन आल्यामुळे तुटलेले रेकॉर्डिंग तिथे अनुभवता येत नाही. ब्राउझरमधून फोन हाताळताना दिसणारे चित्र व्हिडिओ होऊन आपल्यापर्यंत येते, त्यामुळे स्क्रोल अडखळतो की नाही याचा निर्णय त्यावरून देऊ नये. फ्रेमच्या वेळा फोनवरच मोजून घ्याव्यात. लॅबमधल्या अँड्रॉइड फोनवर यूएसबी डीबगिंग चालू असते, आणि सुरक्षेसाठी ते तपासणारी ॲप तिथे सुरूच होण्यास नकार देतात. त्यांच्यासाठी ही तपासणी वगळलेली वेगळी बिल्ड ठेवावी लागते, आणि ती बिल्ड चुकूनही बाहेर जाणार नाही याची व्यवस्था आधी करावी लागते.

आयफोनच्या बाबतीत सह्यांचा, म्हणजे ॲप कोणाचे आहे हे सिद्ध करणाऱ्या डिजिटल सह्यांचा, प्रश्न येतो. सार्वजनिक लॅब आपल्या ॲपवर स्वतःच्या प्रमाणपत्राने नव्याने सही करते आणि त्यात पुश नोटिफिकेशन, ॲप ग्रुप (आपल्याच ॲपना आपसांत माहिती वाटून घेऊ देणारी सोय) यांसारख्या खास परवानग्या गळून पडू शकतात. नोटिफिकेशन आले नाही म्हणून सर्व्हरचा कोड उकरत बसण्याआधी लॅबने सही बदलली आहे का, हे पाहावे. खासगी फोन भाड्याने घेतले तर मूळ सही राखण्याचा पर्याय सहसा मिळतो.

गोपनीयतेबद्दल माझी भूमिका कडक आहे. सत्र संपल्यावर लॅब फोन साफ करते, यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मात्र आपण टंकलेला पासवर्ड व्हिडिओत दिसतो, लॉगमध्ये टोकन (लॉगिन झाल्याची ओळख देणारी गुप्त अक्षरे) छापले जातात आणि ते सगळे निकालाच्या फायलींमध्ये राहते. म्हणून लॅबमध्ये खऱ्या ग्राहकाची कोणतीही माहिती नेऊ नये, चाचणीची खाती स्वतंत्र असावीत आणि त्यांचे पासवर्ड ठरावीक काळाने बदलावेत. कंपनीच्या आतल्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्यासाठी लॅब जो बोगदा (सुरक्षित जोडणी) पुरवते, तोही चाचणी चालू असेपर्यंतच उघडा ठेवावा.

लॅब निवडताना ती उद्या बंद झाली तर काय, हा विचारही करावा. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ ॲप सेंटरमधली चाचणीची लॅब ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाली आणि तिच्यावर चाचण्या चालवणाऱ्या टीमना दुसरे घर शोधावे लागले. ज्यांच्या चाचण्या ॲपियम, एस्प्रेसो किंवा आयफोनसाठीच्या एक्ससीयूआयटेस्टसारख्या सर्वत्र चालणाऱ्या साधनांत होत्या, त्यांना मुख्यतः जोडणीचा भाग बदलावा लागला. त्यामुळे लॅबशी बोलणारा कोड मी एका छोट्या फाइलपुरता मर्यादित ठेवते आणि फोनची यादी चाचण्यांच्या कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. लॅब जुने फोन यादीतून काढत असतात आणि काही मॉडेल इतके थोडे असतात की त्यांच्यासाठी रांगेत बराच वेळ जातो; फायरबेसच्या यादीत अशा मॉडेलपुढे कमी क्षमतेची खूण असते. प्रत्येक रिलीजच्या आधी वापरकर्त्यांची ताजी आकडेवारी आणि ही फाइल शेजारी ठेवून मी पाहते, निरुपयोगी झालेला फोन काढून टाकते आणि त्याच्या जागी आणलेल्या फोनसमोर तो का घेतला याचे कारण एका ओळीत लिहून ठेवते.