ॲनाची पेन्सिल

रात्रीचे साडेअकरा. रशियन कादंबरीकार दोस्तोयव्हस्कीची बायको ॲना ग्रिगोर्येव्हना हिच्या आठवणी आज वाचून संपवल्या. झोप काही येत नाही.

ऑक्टोबर १८६६. वीस वर्षांची ॲना लघुलेखनाच्या पहिल्या कामाला निघाली आणि वाटेत पीटर्सबर्गच्या बाजारात थांबून तिनं जास्तीच्या पेन्सिली घेतल्या. समोर भेटला तो दोस्तोयव्हस्की, चव्वेचाळीस वर्षांचा विधुर. फिट्स येणारा, गेलेल्या भावाचं कर्ज अंगावर घेतलेला. प्रकाशक स्तेलोव्हस्कीशी त्याचा करारही जीवघेणा होता. १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन तो फुकट छापणार. आणि तिकडे 'गुन्हा आणि शिक्षा' मासिकातून क्रमशः चालूच.

दुपारी तो सांगायचा, ती लघुलिपीत उतरवून घ्यायची, घरी जाऊन नीट अक्षरात लिहून दुसऱ्या दिवशी आणायची. सव्वीस दिवसांत 'जुगारी' पुरी झाली! द्यायला गेला तर प्रकाशक गावाला गेलेला. शेवटी हस्तलिखित पोलीस चौकीत देऊन पावती घेतली. ती पावती वाचताना माझाच जीव भांड्यात पडला.

फेब्रुवारी १८६७ मध्ये दोघांचं लग्न झालं. पुढे बाडेन-बाडेनला तो रूलेटच्या जुगारात हरत राहिला आणि लग्नात त्यानंच दिलेले ब्रोच नि कानातले गहाण पडले. त्या दिवसांत ॲना रोजनिशी लिहीत होती, लघुलिपीत, म्हणजे नवऱ्याला वाचता येऊ नये. सोसणारी बायको म्हणून तिचं कौतुक होतं, ते मला अपुरं वाटतं. १८७३ मध्ये त्याची कादंबरी तिनं स्वतः छापून घरून विकली. व्यवहार तिला कळत होता. 'करामाझोव्ह बंधू' त्यानं तिला अर्पण केली, ते वाचून आज फार बरं वाटलं.

आईही लघुलेखन करायची. कपाटातून तिची एक वही काढली. पानभर आकडे-वळणं, मध्येच पेन्सिलीचं टोक मोडल्याची खूण. तारीख तेवढी देवनागरीत आहे. १४ जून. त्या दिवशी मी दोन वर्षांची झाले होते. खाली दीड पान लिहिलंय, आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.