तुम्ही विचारलंत म्हणून: बॉम्बे हाय संपलं का?

नेरूळला आमच्या सोसायटीत पेट्रोल महागलं की कुणीतरी लिफ्टमध्ये गाठतंच, काका तुम्ही ऑफशोअरला होतात ना, मग ते बॉम्बे हाय संपलं का हो? नाही संपलं. मुंबईजवळच्या समुद्रातलं हे तेलक्षेत्र म्हातारं झालंय, बास.

फेब्रुवारी 1974 मध्ये सागर सम्राट या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगला तिथे तेल लागलं, मुंबईपासून साधारण 160 किमी आत समुद्रात, आणि 1976 च्या मे महिन्यात उत्पादन सुरूही झालं, तेव्हाच्या मानाने कमालच म्हणायची. 1985 च्या आसपास दिवसाला साडेचार लाख बॅरलच्या वर निघत होतं, 2024 मध्ये ते 1.34 लाखांवर आलं होतं. त्याच 1976 ला समुद्रातच सापडलेलं बसीन हे क्षेत्र वेगळं, तिथला मुख्य माल गॅस, तो हजीराला जातो. बॉम्बे हायचं तेल येतं आपल्या उरणला.

आता मुळात खाली तेलाची टाकी वगैरे नाहीये. चुनखडीचा दगड आहे, त्याच्या बारीक छिद्रांत तेल अडकलेलं. सुरुवातीला ते आपल्या जोरावर वर येतं, मग प्रेशर उतरतं, म्हणून समुद्राचंच पाणी आत सोडायचं, पाण्याने तेल ढकलायचं, पण पाणी महाबिलंदर, सोपी वाट शोधून थेट विहिरीत शिरतं आणि तेल बाजूला तसंच राहतं. मग तेलापेक्षा पाणीच जास्त वर यायला लागतं, ते वेगळं करा, साफ करा, सगळा खर्च. असल्या दगडातून एक तृतीयांश तेल काढलं तरी खूप झालं, बाकीचं तिथेच राहतं.

म्हणून "अजून किती वर्षं?" याला माझ्याकडे आकडा नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. शिल्लक साठा म्हणजे आजच्या भावात आणि आजच्या टेक्नॉलॉजीत परवडेल तेवढंच तेल, भाव चढला की साठा वाढतो, प्लॅटफॉर्म आणि पाईपलाईन गंजून मेंटेनन्स डोईजड झाला की खाली तेल असूनही तो कमी होतो. जानेवारी 2025 मध्ये हे क्षेत्र चालवणाऱ्या सरकारी ओएनजीसीने बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला टेक्निकल मदतीला घेतलं ते याचसाठी, जुन्या फील्डमधून अजून पिळून काढायला.

राहिलं तुमचं पेट्रोल. आपण 85 टक्क्यांहून जास्त क्रूड बाहेरून आणतो, त्यामुळे उद्या बॉम्बे हाय दुप्पट जरी निघालं ना, तरी वाशीच्या पंपावर भाव जागतिक बाजार आणि टॅक्सच ठरवणार.