आर्नोचे पाणी

जुने इटालियन पुस्तक हाती आले की मी ते शेवटच्या पानापासून उघडतो. कादंबरीचा शेवट आधी वाचून टाकण्याची खोड मला नाही. परंतु इटालियन प्रकाशकांची रीत अशी की पुस्तकाची छपाई कोणत्या महिन्यात, कोणत्या छापखान्यात पूर्ण झाली, हे बहुधा शेवटच्या पानावर 'फिनीतो दी स्ताम्पारे' या तीन शब्दांनंतर बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि पहिल्या आवृत्तीच्या शोधात हिंडणाऱ्याचे सुखदुःख त्या दोन ओळींवर ठरते. तोरिनो शहरात व्हिया पो नावाच्या रस्त्याच्या कमानींखाली जुन्या पुस्तकांचे ठेले लागतात. तिथे एकदा लाम्पेदूसाची 'इल गात्तोपार्दो' दिसली, तेव्हा वेष्टन पाहूनच छातीत धडधडले होते. ही कादंबरी दोन मोठ्या प्रकाशनसंस्थांनी नाकारली, लेखक जुलै १९५७ मध्ये वारला आणि पुस्तक फेल्त्रिनेल्लीने बाजारात आणले ते नोव्हेंबर १९५८ मध्ये. म्हणजे ज्याने लिहिले त्याला ते छापलेले दिसलेच नाही. मी घाईघाईने शेवटचे पान काढले आणि १९५९ हा आकडा वाचला. पुस्तक तोवर इतके गाजले होते की पुनर्मुद्रणांमागून पुनर्मुद्रणे निघत होती, आणि माझ्या हातातले त्यांपैकीच एक होते. तरीही ते घेतले, कारण संग्राहक होण्याआधी मी वाचक होतो आणि खिशाला परवडणारे बहुधा एकोणसाठ सालचेच असते.

एरवी पहिली आवृत्ती कोणती, हा प्रश्न सरळ वाटतो. पण इटालियन कादंबरीत तो अगदी मुळापाशीच फसतो. अलेस्सांद्रो मांझोनीची 'ई प्रोमेस्सी स्पोझी' ही कादंबरी मिलानमध्ये व्हिन्चेन्झो फेर्रारिओच्या छापखान्यातून तीन खंडांत आली, ती १८२७ सालच्या जूनमध्ये. मुखपृष्ठांवर मात्र १८२५ आणि १८२६ अशी साले आहेत, कारण छपाई सुरू झाल्यावरही लेखकाचे हात थांबले नव्हते. पुस्तक हातोहात खपले आणि मांझोनीला त्याच्या भाषेने स्वस्थ बसू दिले नाही. मिलानच्या माणसाने पुस्तकांतून शिकलेली ती भाषा त्याला जिवंत वाटेना, म्हणून त्याच उन्हाळ्यात तो कुटुंबासह फ्लॉरेन्सला गेला आणि तिथल्या लोकांच्या तोंडची तोस्कानी बोली कान देऊन ऐकू लागला. आपल्या मित्राला पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिले की मला एकाहत्तर चादरी खळबळून काढायच्या आहेत, आणि आर्नो नदीसारखे पाणी व इथल्या दोघा विद्वान स्नेह्यांसारख्या धोबिणी मला दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत. चादरी म्हणजे अर्थातच छापील फर्मे. ही धुणी पुढे बारा-तेरा वर्षे चालली.

धुऊन निघालेली कादंबरी १८४० ते १८४२ या काळात १०८ हप्त्यांनी प्रसिद्ध झाली. फ्रान्चेस्को गोनीनची चित्रे, उत्तम कागद, आणि सारा खर्च लेखकाच्या पदरचा. पानापानांत चित्रे गुंफली की चोरून छापणाऱ्यांना नक्कल अवघड जाईल, असा त्याचा हिशेब होता. हिशेब चुकला आणि मांझोनी चांगलाच कर्जात आला. आज इटलीतल्या शाळांतून वाचली जाते ती ही दुसरी संहिता. मग संग्राहकाने जिच्यामागे धावायचे, ती १८२७ची आवृत्ती म्हणजे लेखकानेच मळकी ठरवून बाजूला सारलेली चादर. मला ती जास्त प्रिय आहे, हे मान्य करतो. (माझ्याजवळ तिची प्रत नाही आणि कधी असण्याची शक्यताही नाही, प्रेमाला तेवढी सूट असावी.)

फ्लॉरेन्सच्याच फेलीचे पाज्जी या प्रकाशकाने १८८३ मध्ये काढलेल्या 'पिनोक्यो'च्या पहिल्या आवृत्तीला पाण्याने नव्हे, पोरांनी संपवले. मुलांच्या साप्ताहिकात आधी क्रमशः आलेली ही गोष्ट पुस्तकरूपाने ज्या हातांत पडली, त्यांनी ती फाडली, चित्रे रंगवली, कोपरे चघळले, आणि म्हणून धड अवस्थेतली प्रत आज सहसा दिसत नाही. उलट ज्याची पाने अजून कापलेली नाहीत, म्हणजे जे कुणी वाचलेच नाही, अशा पुस्तकाला व्यापारी 'इंतोन्सो' म्हणतात आणि अधिक भाव सांगतात. हा न्याय मला कधी पटला नाही.

माझ्या यादीतले शेवटचे पुस्तक खरे तर कादंबरी नव्हे. प्रीमो लेवीची आउश्वित्झच्या छळछावणीची हकिगत, 'से क्वेस्तो ए उन वोमो', त्याच्याच गावच्या, तोरिनोच्या, एका नामांकित प्रकाशनसंस्थेने परत केली. मग फ्रान्को आंतोनिचेल्लीच्या 'दे सिल्वा' या छोट्या संस्थेने १९४७ मध्ये तिच्या २५०० प्रती काढल्या. युद्धातून नुकत्याच बाहेर आलेल्या लोकांना ते वाचण्याची उमेद नव्हती. न खपलेल्या सुमारे सहाशे प्रती पुढे फ्लॉरेन्सच्या एका गोदामात पडून राहिल्या आणि ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोला जो महापूर आला, त्यात त्या बुडाल्या. मांझोनीने जिथे आपले फर्मे धुतले तीच ही नदी. आपल्या मनात अशा वेळी इंद्रायणी आल्यावाचून राहत नाही; पण तुकोबांच्या वह्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. लेवीच्या प्रतींसाठी कुणी धरणे धरून बसले नव्हते.

त्या पुस्तकाची एक प्रत मी तोरिनोमध्येच एका दुकानात पाहिली. दुकानदार म्हातारा आणि सौजन्याने बोलणारा होता. ग्राहक विकत घेणार नाही हे त्याने ओळखले होते, तरीही त्याने ती कपाटातून काढून टेबलावर ठेवली. युद्धानंतरचा हलका, पिवळटलेला कागद, कणा किंचित सुटलेला, एका पानाच्या समासात पेन्सिलीची बारीक खूण. मी सवयीप्रमाणे शेवटचे पान पाहिले आणि मग उगाचच पाने उजेडाकडे धरून एकेक न्याहाळू लागलो. काय शोधता आहात, असे त्याने विचारले. पाण्याचा डाग, असे मी म्हणालो. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि समजावणीच्या सुरात सांगितले, ''यावर कसा असेल? ही तेव्हाच कुणीतरी विकत घेतली होती.''