हस्तातली धडक

हस्त नक्षत्र आपल्याला ठाऊक असतं ते पावसामुळे. गडगडाट करत येणारा हत्तीचा पाऊस, पाटावरचा हत्ती, भोंडला आणि ओळखता न येणारी खिरापत. गंमत म्हणजे त्या दिवसांत हस्त दिसतच नाही, सूर्यच तिथे मुक्कामाला असतो. त्याची पाच बोटं पाहायची तर एप्रिल-मेमधली रात्र हवी आणि गच्ची हवी.

त्या बोटांच्या पश्चिमेला दोन दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अवाढव्य वस्त्या, एकमेकींत घुसल्या आहेत. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. विल्यम हर्शलने १७८५ मध्ये दुर्बिणीतून त्या टिपल्या. ओढाताणीत दोघींना किड्याच्या मिशांसारख्या लांबलचक शेपट्या फुटल्या, म्हणून नाव पडलं अँटेना. आज आपल्यापर्यंत पोचणारा त्यांचा प्रकाश निघाला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे सह्याद्रीचा काळा पत्थर लाव्हारसातून घडत होता, साधारण त्या काळात!

धडक म्हटलं की आपल्याला ठिकऱ्या दिसतात. इथे तारे मात्र एकमेकांवर आपटत नाहीत. सूर्याला मोहरीचा दाणा मानून दादरला ठेवला, तर शेजारचा तारा थेट कल्याणला पोचतो. एवढ्या मोकळ्या जागेतून कोण कोणाला धडकणार? धडकतात ते वायूचे ढग, कारण ते ऐसपैस पसरलेले असतात. ते दाबले जातात, दाट होतात, स्वतःच्याच वजनाने आत कोसळतात, आणि तारे जन्मू लागतात, तेही घाऊक. हबल दुर्बिणीला तिथे हजारावर तरुण तारकागुच्छ सापडले. आपली आकाशगंगा वर्षाकाठी जेमतेम एक-दोन सूर्यांइतका ऐवज ताऱ्यांत घालते; आर्प २२० या विलीन होत असलेल्या जोडीत तोच आकडा दोनशेच्या घरात जातो.

अर्थात ही उधळपट्टी आहे. त्या गुच्छांपैकी बहुतेक एक कोटी वर्षांच्या आतच विस्कटतात, आणि त्यातले तारे दीर्घिकेत पांगतात. वायूही असा उडवला की फार काळ पुरत नाही.

शेजारची देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेवर आदळणार, ही बातमी २०१२ पासून अधूनमधून डोकं वर काढते, जणू पुढच्या आठवड्यातली गोष्ट आहे. मुदत होती सुमारे चार अब्ज वर्षांची. २०२५ च्या नव्या गणिताने तर येत्या दहा अब्ज वर्षांत ती टक्कर होण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणली. आणि झालीच, तरी तोवर दोघींकडचा वायू बराच खर्ची पडलेला असेल. अँटेनासारखी दिवाळी काही व्हायची नाही.