डाळिंबी ठिपका

दिवाळी झाली की माझ्या कॅमेरादुरुस्तीच्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं येतात. एक, ज्यांच्या लेन्सला पावसाळाभर कपाटात पडून बुरशी आलेली असते ती. दुसरी, ज्यांना तुळशीच्या लग्नाआधी जुनी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेऊन लग्नांचा सीझन गाठायचा असतो ती. पहिल्यांचं काम सोपं असतं. दुसरी माणसं मात्र बॉडी घेऊन येतात, टेबलावर ठेवतात आणि माझ्या तोंडाकडं बघत बसतात, जसं काही मी पत्रिका बघणारा आहे.

गारगोटीकडचा तो पोरगा असाच आला. वय बावीस-तेवीस. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली निकॉन डी७५०. गंगावेशीतल्या एका एजंटाकडून घ्यायची ठरवली होती, पाच हजार टोकन दिलं होतं, बाकीचे सत्तेचाळीस हजार संध्याकाळी द्यायचे होते. एजंटानं दोन तासांसाठी बॉडी सोडली होती. "मेस्त्रींना दाखवून आण," असं त्यानंच सांगितलं होतं म्हणे. यात मला आधी बरं वाटलं होतं.

"काका, शटर काउंट फक्त एकोणीस हजार हाय," पोरगा म्हणाला. "एवढा कमी कुठंच मिळना. नव्वद हजारवाली बेचाळीसला मिळत होती, पण म्हटलं दहा हजार जास्त गेले तर जाऊ देत."

शटर काउंट म्हणजे कॅमेऱ्याचं शटर आजवर किती वेळा उडालं, त्याचा आकडा. मी त्याला आधी एवढंच विचारलं की डी७५०च का. आजकालची पोरं मिररलेसशिवाय, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांशिवाय, बोलत नाहीत. तर त्याचं उत्तर तयार होतं. मामाचा स्टुडिओ होता, मामा गेला, त्याची ८०-२०० एफ २.८ डी लेन्स याच्याकडं आली. त्या लेन्सच्या पोटात मोटर नसते. बॉडीतली मोटर स्क्रू फिरवते तेव्हा ती फोकस करते. निकॉनच्या मिररलेसवर कंपनीचा ॲडॉप्टर लावून ती बसते, पण फोकस हातानं फिरवावा लागतो, आणि अक्षता पडत असताना हातानं फोकस फिरवायला कुणाला फुरसत आहे? शिवाय डी७५०ला दोन कार्डं लागतात. एक कार्ड मेलं तरी दुसऱ्यात लग्न शिल्लक राहतं. सेन्सर फुलफ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढा मोठा, आणि २४ मेगापिक्सेल, त्यामुळं हळदीच्या पिवळ्या बल्बखाली कमी उजेडासाठी आयएसओ चढवला तरी फोटो फाटत नाही आणि फाईलही डी८१०सारखी अवजड होत नाही. कंपनीच्या यादीत ही बॉडी डी४सारख्या सगळ्यात वरच्या कॅमेऱ्यांच्या पंगतीत कधीच बसली नाही, पण २०१४च्या शेवटी ती आली आणि आमच्या भागातल्या निम्म्या मांडवांत हीच दिसायला लागली. पोरानं विचार केला होता. कॅमेऱ्याची निवड चुकली नव्हती.

आता बॉडीकडं. मी नेहमी आधी लाइट लावून नुसती बघतो, चालू करत नाही. पट्टा अडकवायच्या कड्या दोन्ही बाजूंनी झिजून अर्ध्या झालेल्या. अंगठा टेकतो तिथलं रबर गुळगुळीत, कडेनं सुटून परत चिकटवलेलं. लेन्स बसते त्या धातूच्या रिंगवर गोल चरे. वर फ्लॅश बसतो त्या हॉट शूचा काळा रंग पार उडालेला. एकोणीस हजार क्लिकच्या बॉडीचे हे हाल होत नाहीत. पण होऊही शकतात. कुणी कुणी कॅमेरा बैलाच्या वेसणीसारखा वापरतो. म्हणून मी गप्प बसलो.

मग चालू केली. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो १/४००० वर, शटरचे पडदे दोघं सारखे धावतात का बघायला. एक एफ १६ वर, सेन्सरवरची घाण बघायला. दोन्ही कार्डांत लिहून बघितलं. दोन्ही चाकं, सगळी बटणं. सगळं ठीक. पोराच्या चेहऱ्यावर उजेड पडत चालला होता.

तो फोटो मी कॉम्प्युटरवर घेतला. निकॉनचं एक बरं आहे, शटर किती वेळा उडालं हे प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. कॅननच्या ५डी मालिकेत तसं नसतं, केबल लावून वेगळं सॉफ्टवेअर चालवावं लागतं, त्यामुळं कॅननवाल्यांना एजंट वाट्टेल तो आकडा सांगतात. इथं आकडा खरा होता, १९,४०० आणि वर काही. पण त्याच फाईलमध्ये बॉडीचा सिरीयल नंबरही असतो, आणि तो बॉडीवर छापलेल्या नंबराशी जुळत नव्हता. एखादा आकडा इकडंतिकडं नव्हे, नंबरच वेगळा.

याचा अर्थ सरळ आहे. क्लिकचा आकडा शटरमध्ये नसतो, मेन बोर्डात असतो. शटर नवीन टाकलं तरी जुना आकडा तसाच पुढं चालतो, आणि बोर्ड बदलला की म्हाताऱ्या बॉडीला पोरगेल्या बोर्डाचं वय मिळतं. घेणारे मात्र शटर काउंट म्हणजे गाडीचं किलोमीटर समजतात.

मेनूत जाऊन ऑटोफोकसचं फाइन-ट्यून, म्हणजे फोकस थोडा पुढं-मागं सरकवायची सोय, बघितलं. डिफॉल्टमध्ये, म्हणजे सगळ्या लेन्सला लागू होईल असं, उणे १४ टाकलेलं. ही दुरुस्ती उणे २० ते अधिक २० एवढीच असते. सगळ्याच लेन्सला उणे १४ लागते याचा अर्थ बॉडीच मुळात जागेवर नाही आणि कुणीतरी मेनूतून ठिगळ लावलंय. कुणीतरी मेस्त्रीनंच. गिऱ्हाईक एवढ्या आत जात नाही.

मी एजंटाला फोन लावला. म्हटलं, खोलून बघू का?

"खोला की मेस्त्री. माझ्याकडं लपवायला काय न्हाई. मी पण असाच घेतलाय."

तळाच्या कव्हरचे स्क्रू काढायला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि हात थांबला. दोन स्क्रूंच्या डोक्यावर डाळिंबी रंगाचा ठिपका. आम्ही लोक स्क्रू सैल होऊ नये म्हणून वर नेलपॉलिशचा थेंब देतो. बहुतेकजण पारदर्शक वापरतात. मी बायकोच्या कपाटातली डाळिंबी बाटली वापरतो, वीस वर्षं झाली. परत गिऱ्हाईक भांडायला आलं तर माझं काम मला ओळखता यावं म्हणून. कोल्हापुरात डाळिंबी ठिपका देणारा दुसरा मेस्त्री मला ठाऊक नाही.

ही बॉडी माझ्या हातून गेली होती.

ऑगस्ट २०१९ ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. माझं दुकान राजारामपुरीत, तिथं पाणी चढलं नाही, म्हणून पूर ओसरल्यावर सगळं माझ्याकडं आलं. सांगलीहून तर पोत्यातून कॅमेरे आले. तीस-पस्तीस बॉड्या, लेन्स किती ते मोजलं नाही. निम्म्या लोकांनी त्या तांदळात पुरून ठेवल्या होत्या, त्यामुळं गाळ काढायचा आणि वर तांदळाची भुकटीही काढायची. बऱ्याच जणांनी बॅटरी न काढता आधी चालू करून बघितलेल्या, म्हणजे जे वाचलं असतं तेही जळालेलं. दुकानभर तो नदीच्या चिखलाचा वास महिनाभर होता. त्यातच सांगलीचा एक स्टुडिओवाला होता. त्याचं तळमजल्यावरचं दुकान छतापर्यंत पाण्यात गेलं होतं. डी७५० त्याची, दीड लाखाच्या वर उडालेली, म्हणजे कंपनीनं शटरचं जे आयुष्य सांगितलंय ते आधीच संपवलेली. बोर्ड मेला होता. माझ्याकडं स्पेअरला दुसरी डी७५० पडून होती, मांडवाच्या स्टेजवरून पडून पुढचा भाग फुटलेली, पण अकरा हजार क्लिकची. तिचा बोर्ड याच्यात घातला. पाण्यातून काढलेलं सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतलं. फोकस पुढं-मागं होत होता तो मेनूतून ओढून आणला.

त्या माणसाकडून मजुरी म्हणून काय घेणार? त्याच्या घराच्या भिंतींना अजून ओल होती. दोन हजार घेतले. सांगितलं, "ही घरात वापरा, मुहूर्ताला नेऊ नका. पाणी प्यालेला कॅमेरा एक दिवस बसतो, आणि सांगून बसत नाही." तोंडानं सांगितलं. बिल दिलं नाही, त्यामुळं बिलावर काही लिहिण्याचा प्रश्नच आला नाही. पुढं लॉकडाऊन लागला, लग्नं बंद झाली, त्यानं ती विकली असेल. कुणाला काय सांगून विकली ते तोच जाणे. त्याला मी बोल लावत नाही.

पोरगा समोर बसला होता. त्याला सांगितलं.

आणि त्यानं जे उत्तर दिलं ते मला अपेक्षित नव्हतं. "मग तर चांगलंच की काका! तुम्ही केलंय म्हटल्यावर आत काय वाईट असणार?"

पंचवीस वर्षांच्या धंद्यात माझ्या कामाचं एवढं कौतुक कुणी केलं नसेल, आणि ते खोडून काढायची पाळी माझ्यावर. मी नुसतं बोलून भागणार नव्हतं. कव्हर काढलं, त्याच्या हातात भिंग दिलं आणि बोर्डात शिरणाऱ्या चपट्या केबलींची टोकं दाखवली. तांब्यावर हिरवट पूड आली होती, आमटीच्या जुन्या भांड्याला येते तशी. मी धुतली तेव्हा ती नव्हती. कोपऱ्यात एका खाचेत गाळाची रेघ होती, ती माझ्याच्यानं तेव्हाही निघाली नसावी. नखानं टोकरली तर आजही पिवळी माती निघाली.

"हे थांबत नाही," म्हटलं. "आतून खात जातं. आत्ता दोन्ही कार्डं चालतात. माघात चालतील का, मला सांगता यायचं नाही."

तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "एकोणीस हजार खरं न्हाई मग."

"बोर्डाचं खरं आहे. शटर एक लाख साठ-सत्तरचं धर."

टोकन परत मिळवायला मला एजंटाशी अर्धा तास हुज्जत घालावी लागली. तो म्हणत होता, चालू कॅमेरा आहे, तुम्ही माझं गिऱ्हाईक मोडताय. एका अर्थी तेही बरोबरच. शेवटी मी म्हटलं की तुझ्या पुढच्या तीन लेन्सची बुरशी फुकट काढतो, तेव्हा पाच हजार सुटले. माझ्या दोन हजारांच्या मजुरीचं व्याज म्हणायचं.

आता पोराला बॉडी पाहिजेच होती, पहिली ऑर्डर बारा दिवसांवर. माझ्या ओळखीच्या एका प्रेस फोटोग्राफरनं मिररलेस घेतला होता आणि त्याची डी७५० कपाटात होती. एकच मालक, बिल जपून ठेवलेलं, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवणारा माणूस. काउंट एक लाख अडतीस हजार. आकडा ऐकूनच पोराचा चेहरा पडला.

"घरी बाबा विचारणार काका. एकोणीसची सोडून एकशे अडतीसची घेतली म्हटल्यावर मला येड्यात काढतील."

त्या बॉडीचं शटर एक लाख वीस हजारावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बदललेलं होतं, त्याची पावती होती. म्हणजे नवं शटर अठरा हजारच चाललेलं. हे मी त्याला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्याच्या वडिलांना फोनवर समजावलं. वडील ऊसतोडीच्या मुकादमाकडं हिशेब बघतात. त्यांना शटर वगैरे कळलं नाही, पण पावती आहे म्हटल्यावर ते लगेच हो म्हणाले. सदतीस हजारांत व्यवहार झाला. उरलेल्यातनं दोन चांगली कार्डं आणि एक अस्सल बॅटरी घ्यायला लावली. बाजारातल्या स्वस्तातल्या बॅटऱ्या फुगतात आणि खणात अडकून बसतात, मग ती काढायलाही माझ्याकडंच यावं लागतं.

पुराची बॉडी एजंटाकडं परत जाणार होती. कव्हर लावण्याआधी मी मार्कर घेतला आणि तळाच्या कव्हरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: "पाणी, ऑगस्ट २०१९. बोर्ड दुसऱ्याचा." स्क्रू बसवले. सवयीनं डाळिंबी बाटली उघडली, ब्रश बाहेर काढला, आणि पुसून परत आत ठेवला.

तीन आठवड्यांनी एजंट बुरशीच्या लेन्स घेऊन आला तेव्हा विचारलं. म्हणाला, गेली की, निपाणीकडच्या कुणीतरी नेली, पन्नासला. खोलून बघितलं का त्यानं, मी विचारलं. एजंट हसला आणि पहिली लेन्स टेबलावर ठेवली.