मोबाईल नंबर हा पासवर्ड नव्हे

शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांत जुन्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत आणि वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींना फारसा जुमानत नाही. त्यामुळे बेळगावातल्या अशा कुठल्याही गल्लीत उभे राहून फोनवरची वाय-फायची यादी उघडली, की शेजारपाजारची घरे आडनावांसकट समोर येतात. नाव दिसण्यात फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्यामागच्या पासवर्डात, आणि आपल्याकडे तो बहुधा घरमालकाचा मोबाईल नंबर असतो.

याला घरमालकाच्या निष्काळजीपणापेक्षा जोडणी देण्याची पद्धत अधिक जबाबदार आहे. केबलवाल्याकडचा मुलगा फायबरची वायर ओढून आणतो, राउटर भिंतीवर ठोकतो आणि ज्या नंबरावर बिल येणार तोच पासवर्ड म्हणून टाकून मोकळा होतो. आमच्याकडे मी हरकत घेतली तेव्हा तो म्हणाला, "लक्षात राहतंय की, काका." लक्षात राहते हे खरेच, पण दूधवाल्यापासून पतसंस्थेच्या वसुली कारकुनापर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये जो नंबर आहे, त्याला गुप्त कसे म्हणायचे?

बरे, नंबर ठाऊक नसलेला परका माणूस असला तरी त्याचे काही अडत नाही. आज बहुतेक घरांत वाय-फाय सुरक्षित ठेवण्याची डब्ल्यूपीए-२ ही पद्धत चालते. तिच्यात फोन राउटरशी जोडला जाताना दोघांमध्ये चार संदेशांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यात उघडपणे जात नाही, मात्र एखादा पासवर्ड बरोबर की चूक हे पडताळण्यापुरते साहित्य त्यांत असते. हे संदेश गल्लीत बसून लॅपटॉपवर टिपता येतात. पुढे राउटरची गरजच उरत नाही, घरी जाऊन निवांतपणे एकेक पासवर्ड ताडून पाहता येतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. भारतातला मोबाईल नंबर दहा अंकी असतो आणि ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ५ लाख पासवर्ड तपासू शकते, आणि त्या वेगाने हे सगळे नंबर सव्वादोन तासांच्या आत संपतात.

देवाचे किंवा गावाचे नाव लिहून पुढे १६७४ किंवा १९५६ जोडणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. सीमाभागातल्या माणसाच्या मनात कोणती साले घर करून आहेत, हे ओळखायला संगणकही लागत नाही. डब्ल्यूपीए-२ मध्ये ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड चालतो, तेव्हा ही जागा वापरावी. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द, जसे की कंदील, रिक्षा, उलटतपासणी, मंगळवार, रोमन लिपीत सलग लिहिले, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही ते सांगता येतात आणि ताडणाऱ्याची मात्र दमछाक होते. (अर्थात, इथे छापलेले हेच चार घेऊ नयेत.) शब्द आपण मनाने निवडण्यापेक्षा शब्दकोशाची पाने डोळे मिटून उघडून घेतलेले बरे, कारण मन फिरून फिरून त्याच त्या शब्दांवर येते.

राउटरमध्ये २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ ची सोय असेल तर ती अवश्य चालू करावी. तिच्यात संदेश टिपून घरी नेण्याचा उपयोग होत नाही, प्रत्येक अंदाजासाठी राउटरचेच दार ठोठवावे लागते. जुने फोन तिला जोडले जात नसतील तर दोन्ही पद्धतींचा मिश्र पर्याय मिळतो, पण त्यात संरक्षण जुन्या पातळीचेच राहते.

पासवर्ड भक्कम केला तरी तो न लिहिता बटणाने किंवा पिनने फोन जोडण्याची डब्ल्यूपीएस नावाची सोय चालू असेल तर मागचे दार उघडेच राहते. तिचा पिन आठ अंकी असतो, परंतु त्याचा शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरतो आणि राउटर पिनचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे की नाही हे वेगळे सांगून टाकतो. म्हणून दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. ही गोष्ट २०११ पासून जगजाहीर आहे, तरी मी पाहिलेल्या राउटरांत ही सोय चालूच सापडते. ती बंद करावी. नेटवर्कचे नाव लपवणे आणि ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणे या उपायांवर मात्र माझा विश्वास नाही, कारण नाव आणि उपकरणांचे पत्ते दोन्ही हवेतून उघडेच जातात.

सेटिंगच्या पानाचा पासवर्ड हा वाय-फायच्या पासवर्डाहून निराळा असतो, याचा बहुतेकांना पत्ता नसतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर छापलेला पत्ता टाकला की हे पान उघडते, आणि तिथे कारखान्यातून आलेला 'ॲडमिन' हाच शब्द कित्येकदा चालतो. इथे शिरलेल्या माणसाने डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळांचा ठावठिकाणा सांगणाऱ्या संगणकाचा, पत्ता बदलला, तर घरातला प्रत्येक फोन 'अमुक संकेतस्थळ कुठे आहे' हे त्यालाच विचारू लागतो. हा पासवर्ड बदलावा, बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद ठेवावी आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे. ते केबलवाल्याच्या ताब्यात असेल तर त्याच्या मागे लागावे.

चोरून कोणी दोन चित्रपट पाहिले तर काय बिघडले, असे विचारणाऱ्यांना मी २००८ चे उदाहरण देतो. त्या जुलैत अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या सुमारास आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरी पोहोचले होते, आणि तिथले वाय-फाय उघडे असल्याने दुसऱ्याच कोणीतरी वापरल्याचे पुढे आले. तपास आधी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच दारात येतो.

गणपतीत कोल्हापूर-पुण्याहून पाहुणे आले की पासवर्ड मागतातच, आणि नाही म्हणणे आपल्या रीतीत बसत नाही. त्यांच्यासाठी राउटरमधले 'गेस्ट' नेटवर्क सुरू करावे आणि विसर्जनानंतर बंद करावे. घरचे कॅमेरे व संगणक त्यांच्या फोनांपासून वेगळे राहतात. केबलवाला बदलला आणि जुना राउटर परत द्यायचा झाला, तर मागच्या बारीक छिद्रातले रिसेटचे बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवावे आणि सगळे दिवे एकदा विझून पुन्हा लागल्यावरच तो त्याच्या हाती द्यावा.