रिओचं पान, ग्लिसरीन अन् बंद कूलर: मे महिन्याचा अपडेट

मंडळी, पेशीतून पाणी कसं आत-बाहेर जाते ते मायक्रोस्कोपखाली पाहायचा माझा प्रयोग सुरू आहे, त्यात कांद्याचा नाद सोडला एकदाचा. उन्हाळ्यात आमच्या घरी पांढरा कांदाच येतो, त्याच्या पेशीत रंगच नाही, ४००एक्सवर (४०० पट मोठं करून) डोळे फाडून पाहत राहा, काही कळत नाही. म्हणून गच्चीवरच्या कुंडीतलं रिओ धरलं, वरून हिरवं अन् खालून जांभळं पान असते ते. पान उलटं दुमडून तिरपं फाडलं की काठाला पातळ जांभळा पापुद्रा सुटतो, तो चिमट्यानं हळू ओढायचा, नखाएवढा निघाला तरी भरपूर. १८८० च्या दशकात ह्यूगो द व्ह्रीस या वनस्पतिशास्त्रज्ञानं याच झाडाच्या पानावर कोणतं द्रावण किती पाणी ओढते ते मोजलं होतं, त्यामुळे मला उगाच भारी वाटून राहिलं. आई म्हणते, "झाड टकलं करून ठेवलं तू."

मिठाचं पाणी पेशीतलं पाणी बाहेर ओढते, तर काम असं होतं की ते किती टक्के असलं म्हणजे अर्ध्या पेशींमधला जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत सरकतो, ते शोधायचं. पहिल्या रविवारी अर्धा टक्क्यालाच सगळ्या पेशी आकसल्या! मी खुश. मग सहज साध्या पाण्यातली स्लाइड पाहिली तर ती कोरडी ठणठणीत. तेव्हा ट्यूब पेटली. बाहेर ४४ डिग्री, कूलर मी स्वतःच बंद केलेला कारण तो सुरू असला की टेबल थरथरते अन् ४००एक्सवर सगळं नाचते, वरून पंखा फुल. म्हणजे कव्हरस्लिपखालचं (स्लाइडवर झाकायच्या पातळ काचेखालचं)  पाणी उडून चाललं होतं अन् मीठ तिथंच राहत होतं, अर्धा टक्क्याचं दहा मिनिटांत किती टक्के झालं देव जाणे. सगळी वही खोडली.

आता पापुद्रा आधी डबीत द्रावणात वीस मिनिटं भिजवतो, झाकण लावून, अन् मग स्लाइडवर घेऊन कव्हरस्लिपच्या चारही कडांना व्हॅसलीन. ज्यांच्याकडे कूलरचा प्रॉब्लेम आहे त्यांनी हेच करा, बाकी उपाय करून थकलो मी. असं केल्यावर मीठ साधारण १ टक्क्याला अर्ध्या पेशी आकसल्या, अन् साखरेला तेच व्हायला ११ टक्के लागले. आधी वाटलं काटा बिघडला. मग हिशोब केला, साखरेचा रेणू ३४२ वजनाचा, मीठ ५८.५ चं अन् ते पाण्यात दोन आयनांत (विद्युतभार असलेल्या कणांत) फुटते, म्हणून १ टक्का मिठात जवळपास ११ टक्के साखरेइतकेच कण निघतात. पेशीला वजनाशी घेणंदेणं नाही, कण मोजते ती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण ग्रुपमध्ये दोघातिघांनी "मेम्ब्रेन (म्हणजे पेशीपटल, पेशीभोवतीचा पातळ पडदा) दिसला" म्हणून फोटो टाकले. नाही दिसला भाऊ. पेशीपटल ७-८ नॅनोमीटर जाड, आपल्या मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दिसतच नाही. जांभळी कड दिसते ती रिक्तिकेतल्या (पेशीच्या आतल्या पाण्याच्या पिशवीतल्या) रंगाची, म्हणजे त्या रंगाबाहेर रिक्तिकेचं पटल, मग पेशीद्रवाचा पातळ थर, अन् त्याच्याही बाहेर पेशीपटल, भिंतीपासून सुटलेलं. आपल्याला फक्त त्याची वागणूक दिसते, पण तीच तर मजा आहे.

अन् वागणुकीवरूनच पटल कशाचं बनलंय याचा अंदाज लोकांनी बांधला. १८९० च्या दशकात ओव्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं शेकडो पदार्थ पेशींवर लावून पाहिले, चरबीत विरघळणारे झटपट आत, बाकीचे बाहेर अडकलेले, म्हणून तो म्हणाला की हा थर चरबीसारखाच असणार. आपण आज जे चित्र काढतो, लिपिडचे (चरबीसारख्या रेणूंचे) दोन थर अन् त्यात तरंगणारी प्रथिनं, ते सिंगर अन् निकोल्सन या शास्त्रज्ञांचं, १९७२ चं.

तर ओव्हर्टनची नक्कल म्हणून मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं. ६ टक्के ग्लिसरीन एका डबीत, दुसऱ्या डबीत साखरेचं बऱ्यापैकी जाड द्रावण. संध्याकाळी सात वाजता दोन्हीकडे पेशी मस्त आकसलेल्या, भिंतीच्या चौकटीत जांभळा गोळा, बाजूला रिकामी जागा. रात्री अकराला ग्लिसरीनवाल्यात काही गोळे थोडे फुगल्यासारखे वाटले, पण झोपेनं डोळे मिटत होते म्हणून वहीत प्रश्नचिन्ह टाकून झोपलो. सकाळी सहाला साखरवाल्या तशाच आकसलेल्या, अन् ग्लिसरीनवाल्या बहुतेक पेशी काठोकाठ भरलेल्या! पाणी बदललं नाही, काही नाही, आपोआप. म्हणजे ग्लिसरीन रातभर मुंगीच्या चालीनं आत गेलं अन् त्याच्यामागे पाणीही परत आलं. रेणू छोटा अन् त्यावर विद्युतभार नाही म्हणून जमलं, पण पाण्याशी मैत्री करणारे तीन ओएच गट लटकलेले म्हणून एवढा वेळ. साखर त्यापेक्षा बरीच मोठी, ओएचही आठ. पाण्याचं तसं नाही, त्याला लिपिडमधूनही थोडीफार वाट मिळते अन् वरून ॲक्वापोरिन नावाची स्वतःची दारं आहेत. ती पीटर ॲग्रेनं शोधली, त्याला २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

शंका एकच होती, पेशी मेल्या तर नाहीत? मेलेल्या पेशीतून रंग पाझरते, पान उकळून पाहिलं होतं तेव्हा सगळं पाणी जांभळं झालं होतं. इथं रंग आतच होता. तरी खात्रीसाठी स्लाइडच्या दोन कडांचं व्हॅसलीन पुसलं, एका कडेला ५ टक्के मिठाचा थेंब, दुसऱ्या कडेला टिश्यू पेपर लावून ओढला. दोन-तीन मिनिटांत सगळे गोळे पुन्हा भिंत सोडून आत. मी जोरात ओरडलो, "जिवंत आहे!" स्वयंपाकघरातून आई, "कोण?"

पुढच्या रविवारी युरिया, मामाच्या शेतातून मूठभर आणायला सांगितलाय. ग्लिसरीनपेक्षा लवकर जाते की उशिरा ते पाहायचंय, दर तासाला फोटो काढीन. कुंडीत आता सातच पानं उरलीत, कोणाकडे रिओची फांदी असेल तर सांगा, मी घ्यायला येतो.